ताईची परतीची बॅग

१७ सप्टेंबर

प्रिय धाकट्या,

गच्चीवर वाळलेल्या चादरी खाली आणायचं काम आपल्या तिघांचं होतं, आठवतं? दोन टोकं ताईच्या हातात, दोन माझ्या. चादर ताणायची, झटकायची आणि एकमेकींकडे चालत यायचं. तेवढ्यात तू बाबांचा टॉर्च घेऊन मध्ये घुसायचास. "माझी गुहा, माझी गुहा!" ताई म्हणायची, "याच्यासकट घडी घाल गं मधले, कपाटात ठेवून देऊ." तू किंचाळत पळायचास आणि लगेच परत यायचास, कारण आम्ही खरंच घडी घालतो की काय, हे तुला बघायचं असायचं. तो टॉर्च पाण्याखाली पेटतो का हे पाहायला तूच एकदा हौदात बुडवलास. बाबा त्या संध्याकाळी मेणबत्ती घेऊन फ्यूज शोधत होते आणि तू आईच्या पदराआड होतास.

आज हे आठवायचं कारण साधं आहे. वसतिगृहाच्या तळघरात कपडे धुवायची यंत्रं आहेत. तिथे मी मोठ्या चादरीशी एकटी झटत होते. हनुवटीखाली धरून पाहिली, भिंतीला दाबून पाहिली. मोठ्या चादरीची घडी एकट्या माणसाला जमत नाही, माझ्यासारख्या जन्मभर कापड हाताळलेल्या बाईलाही नाही. कोपऱ्यात एक मुलगी फोनवर बोलत होती. तिने फोन खांद्याने कानाशी दाबून धरला आणि मला न विचारताच दुसरी दोन टोकं उचलली. तिचं फोनवरचं भांडण चालूच होतं. घडी झाली तरी ते संपलं नाही.

तुला माझा राग आला आहे, ते ठाऊक आहे. निघताना तू म्हणालास, "नातवंडांना शाळेत सोडायच्या वयात स्वतः शाळेत निघालीस!" मला नातवंडं नाहीत, लग्नच नाही केलं, तर कोणाला सोडू? शाळेत शिवण शिकवून निवृत्त झाल्यावर वस्त्रकलेच्या कॉलेजात नाव घातलं, तेव्हा तू हसला होतास. त्या कॉलेजातून एका विद्यार्थ्याला वर्षभर इथे परदेशात पाठवतात आणि इथला एक तिकडे येतो. अर्जात वयाची अट घालायला ते विसरले होते. मी सोडून ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

खोली लहान आहे. एक पलंग, एक टेबल, एक खिडकी, खिडकीबाहेर सायकलींचा मांडव. स्वयंपाकघर आठ जणींत एक. फ्रिजमध्ये प्रत्येकीचा कप्पा, त्यावर नावाची चिठ्ठी. सुरुवातीला मी सगळ्यांना विचारायचे, "जेवलीस का?" मुली दचकायच्या. त्यांना वाटायचं, त्यांच्या कप्प्यातलं काही मी खाल्लं आणि आता कबूल करते आहे. आता नाही विचारत. इथली भाषा वेगळी, ती मला येत नाही, म्हणून आम्ही इंग्रजीत बोलतो. माझं इंग्रजी ऐकून त्या म्हणतात, तुम्ही धड्यासारखं बोलता. आपल्या शाळेतल्या सिस्टरांना हे कळलं तर केवढा आनंद होईल!

आमच्या बाई माझ्या निम्म्या वयाच्या. सगळे त्यांना नावाने हाक मारतात. माझी जीभ वळत नाही, मी मॅडमच म्हणते. वर्गात त्या आल्या की मी उभी राहते. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, मला बाहेर जायचं आहे. त्यांनी दार उघडून धरलं.

मी इथे शिकायला आले, हे खरं आहे. पण तेवढंच खरं आहे, असं नाही. बाकीचं धीर झाला की लिहीन.

तुझी,
मधली


५ ऑक्टोबर

प्रिय धाकट्या,

वहिनीचा फोन आला होता. म्हणाली, "वन्सं, पत्र वाचलं त्यांनी. दोनदा वाचलं. मग फ्रिजवर ठेवलं आणि वर मिक्सर ठेवला." मिक्सरखाली का होईना, घरात आहे. तू माझा फोन घेत नाहीस, म्हणून पत्र. आणि हे पत्र मिक्सरखाली जायच्या आधी पुरं वाच. उभ्याने वाचत असशील तर बस.

मी ताईसाठी आले आहे.

ती या गावात आहे, आणि एकटी आहे. तिचा नवरा चार वर्षांपूर्वी गेला. तो बस चालवायचा. मूल नाही. आता ती वृद्धांच्या एका निवासात राहते. ताई वर्षातून एकदा माझ्या शाळेच्या पत्त्यावर एक कार्ड पाठवायची, घरच्या पत्त्यावर पाठवायची तिची हिंमत नव्हती. गेल्या वर्षी कार्डाऐवजी तिच्या शेजारणीने पाठवलेल्या चार ओळी आल्या. ताईचं डोकं हळूहळू विसरत चाललं आहे. अलीकडचं आधी गेलं, आणि त्याबरोबर इथली भाषाही गेली. इतकी वर्षं ती ज्या भाषेत भाजी आणायची, भांडायची, संसार करायची, ती पुसली गेली आहे. उरलं आहे फक्त आपलं मराठी. ते इथे कोणालाच कळत नाही.

पाहुणी म्हणून आले असते, तर थोड्या दिवसांत परत पाठवलं असतं. विद्यार्थिनीला वर्षभर राहू देतात. म्हणून हा सगळा खटाटोप.

पहिल्या दिवशी मी गेले तेव्हा ती खिडकीशी बसली होती. केस पांढरे, पण भांग तोच, तिरका. निवासाच्या बाईंनी आधीच समजावलं होतं, की त्या स्वतःशी काहीतरी पुटपुटतात, अर्थ नसतो, मनाला लावून घेऊ नका. मी दारात उभी राहिले. ताईने मान वळवली, मला वरून खाली न्याहाळलं आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "तू नवी ना? ये. हे वसतिगृह बरं आहे, फक्त गाद्या पातळ आहेत. सामान कुठे आहे तुझं?"

बाईंनी मला विचारलं, "काय म्हणाल्या?" मी सांगितलं. त्या तिथेच खुर्चीवर टेकल्या. "म्हणजे त्या बोलत होत्या? इतके दिवस?"

तिच्या डोक्यात ती एकवीस वर्षांची आहे, धाकट्या. एका वर्षासाठी इथे शिकायला आली आहे. वर्ष संपलं की घरी जायचं आहे. मी तिची बहीण आहे हे मी सांगून पाहिलं. ती मायेने हसली. "माझी बहीण शाळेत आहे. दोन वेण्या घालते. तू कुणाची तरी आई शोभशील." तेव्हापासून मी नवी.

आणि एक गंमत. मोठ्या परिचारिकाबाई खोलीत आल्या की ताई ताडकन उभी राहते आणि शाळेत मोठ्या सिस्टरांना म्हणायचो तसं सूर लावून म्हणते, "गुड मॉर्निंग, मदर!" दुपारी चार वाजताही. परवा माझ्याही तोंडून तिच्याबरोबर निघालं. आम्ही दोघी उभ्या. त्या बाईंना काय वाटलं असेल!

रागावलास ना? रागाव. पण फाडू नकोस.

मधली


२१ नोव्हेंबर

प्रिय धाकट्या,

उत्तर नाही. वहिनी म्हणते, मिक्सर अजून तिथेच आहे आणि "मिक्सर लागला की ते स्वतः उचलून देतात, मला हात लावू देत नाहीत." बरं.

इथे आता थंडी पडली आहे. चारलाच दिवे लागतात. वर्गातून निघते, बस पकडते आणि संध्याकाळचे दोन तास ताईकडे असते. बसमध्ये कोणी कोणाशी बोलत नाही. सुरुवातीला मला वाटायचं, सगळ्यांच्या घरी काहीतरी वाईट घडलं आहे.

कॉलेजात माझे हाल आहेत. तुला माझं रफू माहीत आहे. बाबांच्या कोटाला उंदराने पाडलेलं भोक मी असं बुजवलं होतं, की बाबांनाच ते सापडेना. त्याच घमेंडीत मी पहिला नमुना करून दिला. मॅडमनी भिंग लावलं, खूप कौतुक केलं आणि मग म्हणाल्या, "आता हे सगळं उसवा." जुन्या कापडाची दुरुस्ती लपवायची नाही, असा इथला धडा. लांबून खुपू नये, पण जवळ आलेल्याला कळावं की इथे फाटलं होतं आणि कोणीतरी सांधलं आहे. मी चाळीस वर्षं मुलींना नेमकं उलट शिकवलं. तरी बसून टाका टाका उसवला.

मी ताईला हे सांगितलं. ती मला रोज काही ना काही समजावते. इतकी वर्षं आपल्याला वाटायचं ना, की ती इथे येताच मजेत राहिली, आपल्याला विसरली? ऐक, काय काय सांगते.

"नवे, रडलीस का अजून?"

"नाही बाई."

"मग रडशील. पहिल्या आठवड्यात येत नाही रडू, सामान लावण्यात दिवस जातात. नंतर येतं. खोलीत रडायचं नाही, भिंती कागदाच्या आहेत. कपडे धुवायला जायचं. यंत्र सुरू केलं की हवं तेवढं रडून घ्यायचं, कोणाला ऐकू जात नाही. मी तर आठवड्यातून तीनदा कपडे धुते. सगळ्या म्हणतात, केवढी स्वच्छ मुलगी!"

असंच दुसऱ्या दिवशी, "रविवारी घराबाहेर पड. कुठेही जा. रविवारी खोली खायला उठते." आणि, "घरी लिहिताना जेवणाबद्दल चांगलंच लिहायचं. आईला झोप लागत नाही नाहीतर." आपण तिची ती पत्रं जेवणाच्या वेळी मोठ्याने वाचायचो. बाबा म्हणायचे, पोरगी खाऊन-पिऊन सुखी आहे.

कालच मी तळघरात गेले, यंत्र सुरू केलं आणि तिने सांगितलं तसं केलं. खरंच ऐकू जात नाही.

रोज संध्याकाळी ती बॅग भरते. पलंगाखाली तिची जुनी तपकिरी बॅग आहे, बाबांनी घेऊन दिलेली, कोपऱ्यांवर पितळी पट्ट्या असलेली. ती ओढून काढायची, कपाटातलं भरायचं, घरी जायला निघायचं. पूर्वी परिचारिका बॅग काढून घ्यायच्या. मग रडारड, ओढाताण. म्हणून बॅग माळ्यावर ठेवली होती. मी ती खाली काढून मागितली. मी तिच्याबरोबर भरू लागते. पण आधी म्हणते, "ताई, चादरींच्या घड्या राहिल्यात." एवढं म्हटलं की ती लगेच उठते. दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. ताणायची, झटकायची, चालत यायचं. डोकं विसरलं असेल, तिचे हात काही विसरलेले नाहीत. घड्या होईपर्यंत ती शांत होते आणि म्हणते, "आज उशीर झाला. उद्या जाऊ." निवासाच्या चादरींच्या घड्या आता आम्हीच घालतो. धुलाईवाल्या बाई खूश आहेत.

टोकं जुळवायला दोघी मध्ये आलो की ती खाली वाकून बघते. चादरीखाली. तिथे कोणी नसतं.

तब्येत तशी बरी आहे.

मधली


१६ जानेवारी

प्रिय धाकट्या,

गेल्या पत्रात तब्येत बरी आहे असं लिहिलं, ते तितकंसं खरं नव्हतं. ती जेवत नाही. चार घास, मग पुरे. डॉक्टर म्हणतात, शरीरही आता हळूहळू विसरायला लागलं आहे. मी तुला कळवायला उशीर केला, कारण मला तुझ्याकडून दयेपोटी काही नको होतं. पण आता एक गोष्ट विचारायची आहे, आणि ती विचारण्याआधी एक सांगायची आहे.

ताई परत आली नाही त्या दिवशी तू दहा वर्षांचा होतास. बाबा तुला विमानतळावर घेऊन गेले होते. मी घरी आईला मदत करत होते, म्हणून मी पाहिलं नाही, पण तू एकदाच मला सांगितलं होतंस: शेवटचा माणूस बाहेर आला, मग झाडूवाला आला, मग बाबा तुला म्हणाले, "पुढच्या विमानाने येईल." पुढचं विमानच नव्हतं. बाबांच्या खांद्यावर झोपून तू घरी आलास. तिचं पत्र आठवडाभराने पोचलं, की अभ्यास वाढला आहे, इथेच राहते. बाबांनी ते वाचलं आणि म्हणाले, "खोटं आहे. कोणीतरी भेटला असेल." त्यानंतर तिचं नाव घरात निघालं नाही. बाबा गेले तेव्हा ती आली नाही, आई गेली तेव्हाही नाही, आणि तू ठरवलंस, तुला दोन नाही, एकच बहीण आहे.

परवा आम्ही बॅग भरत होतो. मी सहज म्हटलं, मेमध्ये माझी परीक्षा आहे, आत्तापासूनच भीती वाटते. ताईचा हात थांबला. तिने दाराकडे बघून घेतलं आणि हळूच म्हणाली, "नवे, कोणाला सांगणार नाहीस?"

"नाही सांगणार."

"मी नापास झाले गं."

मी हातातली शाल बॅगेच्या कडेवर ठेवली.

"दोन विषयांत. भाषाच कळत नव्हती वर्गातली, कोणाला सांगणार? बाबांनी पेपरात फोटो छापून आणलाय माझा. गल्लीतल्या म्हाताऱ्यांना घरी बोलावून दाखवलाय. आता मी कोणत्या तोंडाने जाऊ? सगळे विचारतील, काय झालं, काय झालं."

"मग काय करणार?"

"पुन्हा बसणार. पास झाले की त्याच दिवशी निघणार. घरी लिहिलंय, अभ्यास वाढला म्हणून." मग थोडा वेळ चादरीची सुरकुती काढत बसली आणि म्हणाली, "खोटं कळतं का गं पत्रात?"

शेजारणीला मी विचारलं. ती त्या वेळेपासून ताईला ओळखते. ताई पुन्हा दोनदा परीक्षेला बसली आणि दोन्ही वेळा नापास झाली. मग एका बेकरीत पाव भरायला लागली. बसवाला भेटला तो त्यानंतर कितीतरी वर्षांनी. बाबांनी खोटं बरोबर ओळखलं, धाकट्या. फक्त त्यामागचं कारण चुकीचं धरलं. आणि आपण सगळे ते कारण घेऊन बसलो.

आता विचारते. जूनमध्ये माझं इथलं वर्ष संपेल. मी गेले की तिच्याशी बोलायला कोणी उरणार नाही. ती पुन्हा नुसती पुटपुटणारी म्हातारी होईल. मी तिला घरी आणू का? घर आपल्या दोघांचं आहे. पूर्वेकडची खोली तिची होती, आता तुझे जुने संगणक आणि व्यायामाची सायकल तिथे आहे. सायकलवर तू कधी बसलास ते वहिनीला विचारायला हवं. तुझ्या 'हो'शिवाय मी तिला त्या दारातून आत आणणार नाही. तिने दाराशी उभं राहावं आणि आतलं कोणी उठू नये, हे मला बघवणार नाही.

हो किंवा नाही, एका शब्दात कळव.

मधली


३० मार्च

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. सात ओळी. त्यातल्या पाच हवापाण्याच्या आणि पाणीपट्टीच्या. सहावी, "पूर्वेची खोली रिकामी केली." सातवी, "तिथला पंखा फार आवाज करायचा, बदलला."

मी ते पत्र बसमध्ये वाचलं. तिथे यंत्र नाही, तरी रडले. समोरच्या बाईंनी मला कागदी रुमाल दिला. बोलल्या नाहीत, पण दिला.

रविवारच्या फोनचं आता. जे ऐकायला आलं ते तू ऐकलंस. तुला दिसलं नाही ते लिहिते. मी फोन तिच्या कानाशी धरला. तू म्हणालास, "ताई, मी बोलतोय." तुझा आवाज अगदी बाबांसारखा झाला आहे, हे मला रोज ऐकून कधी कळलंच नाही. ताई ताठ बसली. पदर नव्हता, तरी खांद्यावर हात नेऊन सावरला. आणि म्हणाली, "बाबा?"

मी फोन काढून घेणार होते. तिने माझा हात घट्ट धरला.

"बाबा, धाकट्याला विमानतळावर आणू नका. फार वेळ उभं राहावं लागतं, त्याचे पाय दुखतात. मी आपली रिक्षाने येईन." मग खूप हळू, "बाबा, रागावलात?"

ती वाट बघत होती. डोळे मिटून, शाळेत छडी खायला हात पुढे करावा तशी. आणि तू म्हणालास, "नाही. रागावलो नाही. तू ये."

तिने फोन मला परत दिला, लुगडं नेसल्यासारखी चालत पलंगापर्यंत गेली आणि त्या संध्याकाळी बॅग न भरता झोपली. पहिल्यांदाच. वहिनी म्हणाली, तू गच्चीवर गेलास आणि बराच वेळ खाली आला नाहीस. मी काही विचारणार नाही.

आता तिकिटांचं. डॉक्टर म्हणतात, न्यायचं तर लवकर न्या. मी ठरवलं होतं, परीक्षा सोडायची आणि एप्रिलमध्येच निघायचं. या वयात माझ्या प्रमाणपत्राची कोण वाट बघतंय? पण मी ते ताईच्या समोर बोलले, ही चूक झाली. तिने एकदम आकांत मांडला. "परीक्षा न देता जाऊ नकोस नवे! सगळे विचारतील. मग जाताच येत नाही, तुला माहीत नाही!" काही केल्या ऐकेना. दुपारभर श्वास लागला. परिचारिकाबाई धावत आल्या. शेवटी मी तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, की परीक्षा देते, मग आपण दोघी जाऊ. तेव्हा ती निवळली.

त्यामुळे तिकिटं मेच्या शेवटी काढली आहेत. दोन. खिडकीजवळची तिची.

मधली


२३ मे

प्रिय धाकट्या,

फोनवर तुला सगळं सांगून झालं आहे. तरी लिहिते, कारण फोनवर आपण दोघंही नीट बोललो नाही.

परीक्षा झाली. शंभर वर्षांपूर्वीचा एक फाटका पडदा प्रत्येकीला दिला होता. मी सांधला, लपवला नाही. परीक्षेच्या खोलीतून मी तशीच निवासात गेले. ताईला ताप होता. मी म्हटलं, "ताई, पेपर चांगला गेला." तिने डोळे उघडले. म्हणाली, "मग आता जाऊ या आपण." तिने माझी दोन बोटं धरली. त्यानंतर ती बोलली नाही. दोन दिवसांनी सकाळी, मी चहा आणायला गेले तेवढ्यात गेली.

एप्रिलमध्ये निघालो असतो, तर ती तुझ्या पंख्याखाली गेली असती. हे मी रोज मनाशी म्हणते आणि रोज तिचा तो आकांत आठवते. तिला तसंच ओढून नेलं असतं, तर मग ती कुठे पोचली असती, कोणाला ठाऊक.

तिने पूर्वीच लिहून ठेवलं होतं, की नवऱ्याच्या थडग्याशेजारी ठेवा. तसंच केलं. शेजारीण होती, परिचारिकाबाई होत्या, कॉलेजातल्या मॅडम आणि वसतिगृहातल्या मुलीही आल्या होत्या. परिचारिकाबाई पुढे झाल्या, क्षणभर थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "गुड मॉर्निंग, मदर." त्यांचा उच्चार आपल्या सिस्टरांपेक्षा वाईट होता.

मी पास झाले. निकाल परवा लागला. कोणाला सांगू हे कळेना, म्हणून तुला.

मी ३१ तारखेला पोचते. तू विमानतळावर ये. ताईने नको म्हटलं होतं, ते दहा वर्षांच्या मुलाबद्दल. आता पाय दुखले तर तुझं तू बाकावर बसशील. मी शेवटच्या माणसाआधी बाहेर येईन, तेवढं बघते. हातात तपकिरी बॅग असेल.

बॅग तिने स्वतः भरलेली आहे. रोज भरताना कोणती वस्तू कोणाची हे ती मला सांगायची, त्यामुळे वाटणीत माझं काही नाही. दोन चष्मे, टीव्हीचा रिमोट आणि एका आजींचे खालच्या बाजूचे दात होते, ते ज्यांचे त्यांना परत केले.

राखाडी शाल "आईला, गुडघ्यांवर घ्यायला." ती वहिनीने घ्यावी. गुडघे तिचेही दुखतात आणि इतके महिने मिक्सरची बातमी मला तिनेच पोचवली.

लोकरीचे हातमोजे बाबांचे. ते तू ठेव. त्यांच्या वतीने तू बोललास.

तिचा जाड कोट मी त्या फोनवाल्या मुलीला दिला. पुढच्या महिन्यात ती कुठल्याशा परक्या गावी वर्षभर शिकायला निघाली आहे. कोटाबरोबर कपडे धुण्याच्या यंत्राबद्दलही सांगून ठेवलं.

आम्ही घड्या घालायचो त्यातली एक चादर निवासाने मला दिली. ती घरी आणते आहे. सामाईक राहू दे.

चांदीचं एक अंगुस्तान निघालं. "हे माझ्या बहिणीला दे हं नवे. शिवते छान, पण सुईने बोटं फोडून घेते." देईन म्हणून मी तिला कबूल केलं होतं. ते आत्ता लिहिताना माझ्या बोटात आहे.

आणि बॅगेच्या अगदी तळाशी, अस्तराखाली, एक खोका आहे. कागद पिवळा पडला आहे, पण उघडलेला नाही. दुकानाची चिठ्ठी तशीच आहे, तारीख ती येणार होती त्याच्या आदल्या आठवड्याची. पाण्याखाली चालणारा टॉर्च. तो तुझा. मी खोका उघडला नाही. सेल तू घाल, आणि पेटतो का ते खोलीतला दिवा बंद करून, चादरीखाली बघ. तिची दोन टोकं मी धरेन, दोन वहिनीला धरायला सांग.

तुझी,
मधली